हारातला निळा टब

मित्रांनो, मी एक जुना निळा टब आहे. प्लास्टिकचा. माझा जन्म साकीनाक्याच्या एका गाळ्यात झाला. साचा उघडला, मी पडलो, संपलं. बालपण एवढंच. तिथून एका बोहारणीच्या डोक्यावर बसून मी घाटकोपरच्या डोंगरावरच्या चाळीत आलो. जानकीबाईंनी माझ्या बदल्यात नवऱ्याची, काशीरामांची, लग्नातली पॅन्ट देऊन टाकली. "बाळाला न्हाऊ घालायला होईल," म्हणाल्या. बाळ काही आलं नाही. फोटो आले.

काशीराम कारखान्यात लेथ मशीनवर कामाला होते आणि रविवारी चाळीतली बारशी, साखरपुडे, लग्नं कॅमेऱ्यात धरायचे. मोरीच्या खिडकीला घोंगडी, वर लाल दिवा, की झाली डार्करूम. कागदावर चित्र उमटलं की ते हायपो नावाच्या औषधात पक्कं करायचं आणि मग ते औषध पाण्याने पार धुऊन काढायचं. थोडं जरी राहिलं, तरी फोटो पुढे पिवळा पडतो.

सुरुवातीला काशीराम मला नळाखाली ठेवायचे आणि नळ सोडूनच द्यायचे. आमच्या चाळीत पाणी यायचं फक्त सकाळी, तेही घटकाभर. जानकीबाई कडाडल्या, "नळ काय तुमच्या काकान बांधल्यान? लोकांची लग्ना धुवूक माझा पिंप रिकामा करतास?"

मग धुण्याचं काम त्यांनीच घेतलं. माझ्यात बेताचं पाणी घ्यायचं, फोटो सोडायचे, आणि तळातला वर, वरचा तळाला असे हाताने फिरवत राहायचं. कारण फोटो एकमेकांना चिकटतात आणि मध्ये पाणी शिरत नाही. मग ते पाणी संडासाच्या बादलीत ओतायचं, नवं घ्यायचं. शेवटचं पाणी जवळजवळ स्वच्छ असायचं; ते माझ्यातच, वर फळी टाकून झाकून ठेवायचं. पुढच्या फोटोंचं पहिलं पाणी म्हणून.

माझ्यात अख्खी लग्नं बुडाली, मित्रांनो. नवरे उपडे तरंगले. वर्षानुवर्षं न बोलणारे दोन सख्खे भाऊ माझ्या तळाशी गालाला गाल लावून चिकटले. "बघा, पाण्यात कसे गोड झालेत," म्हणत जानकीबाईंनी त्यांना सोडवलं. चाळ म्हणायची, काशीरामचे फोटो कधी पिवळे पडत नाहीत. काशीरामचे!

जानकीबाईंचा स्वतःचा फोटो मात्र नव्हता. एकदा रोलमध्ये एक फ्रेम उरली. फुकट जायला नको म्हणून काशीरामांनी कॅमेरा मोरीकडे वळवला. त्या माझ्यावर ओणव्या, हात ओले, "अवो, माका नको, भिंतीचो काढा!" असं ओरडता ओरडता हसू फुटलेलं. खाली माझी कड. तो रोलही त्यांनीच धुतला.

मग तापाचं निमित्त झालं. इस्पितळात जायच्या सकाळीही त्या पिंप भरूनच निघाल्या. परत आल्या नाहीत. स्मशानातून आलेल्या माणसांनी रिवाजाप्रमाणे आंघोळी केल्या, त्याच पिंपातून. एकेकाने बादली-बादली घेतली. त्या असत्या तर तांब्या-तांब्यात सगळ्यांना आटपायला लावलं असतं.

संध्याकाळी काशीरामांचे थोरले भाऊ बळवंतदादा म्हणाले, "दिव्यापाशी ठेवायला फोटो नाय रे तिचा? तू फोटोवाला ना?"

काशीराम मोरीत शिरले. त्या उरलेल्या फ्रेमचा फोटो उमटवला. पिंप तिरकं केलं, तेव्हा तळाशी तांब्याभर पाणी निघालं. फोटो त्यात बुचकळला आणि काढला. फिरवायचं सुचलंच नाही. फिरवणारे हात नेहमी दुसऱ्याचे होते.

फोटोला हार घातला. त्यात माझी कडही होती, त्यामुळे लोक येऊन मलाही नमस्कार करू लागले. मला फार अवघडल्यासारखं झालं.

वर्ष सरलं तसा फोटो कानापासून पिवळा होऊ लागला. मग गाल. शेजारची शेवंती तोंडाची फटकळ. ती म्हणाली, "भावजी, वहिनीला कावीळ झाली की ओ." आणि स्वतःच रडायला लागली.

दुसरा फोटो तर नव्हता. अजून थोड्या दिवसांनी तोंडही दिसलं नसतं. काशीरामांनी घर उलथंपालथं करून निगेटिव्ह शोधली. काचेसारखी नितळ. ती जानकीबाईंनी धुतली होती ना.

रविवारी सकाळी त्यांनी पिंप भरलं, नवा फोटो केला, मला पुढ्यात ओढलं. एकच फोटो, चिकटायला दुसरं कोणी नाही. तरी ते फिरवत राहिले, उपडा, उताणा. पाणी बदललं. पुन्हा फिरवला.

"पुरे काय गो?" त्यांनी विचारलं.

मग स्वतःच म्हणाले, "आणि एक पाणी."

तो फोटो अजून पिवळा पडलेला नाही.

शेवटचं पाणी त्यांनी ओतलं नाही. माझ्यावर फळी टाकली. शेवंती म्हणाली, "ओता ते, डास होतील."

"असू दे. पुढच्यांचं पहिलं पाणी आहे."

पुढचे फोटो आलेच नाहीत. कॅमेरा त्यांनी परत हातात घेतला नाही. ते पाणी माझ्यातच सुकलं. त्याची रेघ अजून माझ्या अंगावर आहे. कोणी घासत नाही.

मित्रांनो, पाणी जपा. थोडं घ्या, हाताने फिरवा, शेवटचं झाकून ठेवा. पण घरच्या माणसाचा फोटो काढायला रोल संपायची वाट बघू नका. आणि त्यात एखादा टब मध्ये येत असेल, तर येऊ द्या. सोबत होते.