केगच्या रिंगला तूप

मागच्या जूनमध्ये शैलेंद्रच्या बेसमेंटमध्ये घरच्या बियरच्या अकरा बाटल्या एकामागून एक फुटल्या, तेव्हा वर अमेरिकेतल्या ईडन प्रेरी गावची अर्धी मराठी मंडळी जेवायला बसली होती. "यार, नेक्स्ट टाइम मी हेल्मेट घालून येतो," त्याचा मित्र गिरीश म्हणाला. मग वर्षभर, जिथे चार मराठी टाळकी जमतील तिथे, त्याने तो किस्सा तिखटमीठ लावून सांगितला. शैलेंद्र सगळ्यांबरोबर हसायचा, पण त्याच्या मनाला ते लागायचं. जीव ओतून केलेली बियर कोणी चाखायलाही तयार नव्हतं.

म्हणून यंदा त्याने बाटल्यांना रामराम ठोकला आणि केग आणला. केग म्हणजे गुडघ्याएवढं स्टीलचं पिंप. त्यात बियर भरायची, झाकण बसवायचं, फेसासाठी सिलिंडरमधून गॅस सोडायचा आणि आठवडाभर फ्रिजमध्ये ठेवायचं. शनिवारचं आमंत्रण सगळ्यांना गेलं, गिरीशला सर्वांत आधी.

बुधवारी सकाळी बघतो तर सिलिंडरचा काटा शून्यावर! केगचा नळ सोडला तर बियर मेल्यासारखी, निवलेल्या काढ्यासारखी आली. शैलेंद्रने झाकण काढून हातात घेतलं.

त्याच्या बायकोची, दीपाची, शरयूमावशी नागपूरहून तीन महिन्यांसाठी आली होती. तिने तीस वर्षं मुलींच्या हॉस्टेलची मेस चालवलेली. दारूचं नाव काढलं की ती नाक मुरडायची, पण गळकं झाकण मात्र तिला बघवत नसे.

"जावईबापू, या झाकणाच्या रबरी रिंगला काय लावलंत?"

"तूप. आई कुकरच्या रिंगला लावायची ना, तसं."

"अहो, कुकर गॅसवर चढतो! हे तुम्ही फ्रिजात ठेवलंत. थिजलं ना तूप!" मावशीने नखाने रवाळ पांढरा थर खरवडून त्याच्यासमोर धरला. "याच्यासोबत काही मलम-बिलम नाही का दिलं त्यांनी?"

दिलं होतं. घरात साजूक तूप असताना हे कशाला, म्हणून शैलेंद्रने ती ट्यूब ड्रॉवरमध्ये टाकून दिली होती.

रिंग गरम पाण्याने खळखळून धुतली, ट्यूबमधलं ग्रीस लावलं, संध्याकाळी सिलिंडर भरून आणला. मावशीने झाकणाभोवती साबणाचं पाणी फासलं आणि चष्मा सावरून पाच मिनिटं बघत बसली. एकही बुडबुडा आला नाही.

पण आता आठवडा कुठला? तीनच दिवस उरले होते. लवकर करायचं तर गॅस वाढवून केग हलवत राहायचा, असं शैलेंद्रने वाचलं होतं.

"म्हणजे ताक घुसळायचं," मावशी म्हणाली आणि कार्पेटवर बसकण मारली. दोघांनी समोरासमोर बसून अर्धा तास तो केग इकडून तिकडे लोळवला. "हे नागपुरात कळता कामा नये," तिने दम भरला.

शनिवारी गिरीश खरोखरच मुलाचं हॉकीचं हेल्मेट घालून आला, तोंडावर जाळीसकट. पहिला ग्लास नुसत्या फेसाचा निघाला. "आला स्फोट!" गिरीश ओरडला.  शैलेंद्रने गॅस कमी केला, ग्लास तिरका धरला आणि पुन्हा नळ सोडला. सोनेरी बियर भरत गेली आणि वर दोन बोटं पांढरा फेस उभा राहिला, राहिला तो राहिलाच.

पहिला घोट घेतला दीपाने. "शैलेंद्र, अरे, ही सॉलिड झालीय!" ती म्हणाली आणि बघता बघता नळापुढे रांग लागली. शैलेंद्र ग्लासामागून ग्लास भरत होता. वर्षभराचा सल कधी निघून गेला ते त्याला कळलंही नाही. 

जाळीतून बियर पिता येत नाही. गिरीशने शेवटी हेल्मेट काढलं, एका दमात ग्लास रिकामा केला, मिशीवरचा फेस पुसला आणि ग्लास पुन्हा पुढे केला.

"ए, मध्ये घुसू नकोस," जिन्यावरून मावशीचा मेसमधला आवाज आला. "मागे जा. लाइनीत उभा राहा."

हेल्मेट काखेत मारून गिरीश निमूटपणे रांगेच्या टोकाला गेला.