दोन बोटं कमी

मित्रांनो, माझ्यावर कुणाला उभं राहता येत नाही, निजावंच लागतं. मी बेलवलीच्या अंगणवाडीतली, तान्ह्या बाळांची लांबी मोजायची लाकडी फळी. आता बरीच जुनी झाले. उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये एका सुताराने दरवाजाच्या उरलेल्या लाकडातून मला घडवलं. माझ्यावर निजलेलं बाळ आधी भोकाड पसरतं. कितींनी मला ओलं केलं, ते मात्र मी कधी मोजलं नाही, आणि मोजणं तर माझा धंदाच!

शलाका कधी रडली नाही. ती जन्मलीच पावणेचार किलोंची, चांगली लांबसडक. तिची आजी कौसाबाई आळीभर सांगत सुटली. बारशाला बांधलेला करगोटा महिन्याभरात कंबरेला घट्ट झाला, तेव्हा तर तिला आभाळ ठेंगणं झालं.

पुढे शलाकाची वाढ संथ झाली. नवव्या महिन्यात तिच्याच वयाचा शेजारचा देऊ माझ्यावर दोन बोटं जास्त भरला. करगोटा तर कधीपासून सैल करावा लागला नव्हता.

"तुजा दूध पातल हाय, नूतन," कौसाबाई सुनेला म्हणाली. "उद्यापासून बंद कर. डब्याचा पाजू."

नूतनचे डोळे भरून आले. माझ्या आकड्यापायी शलाकाचं आईचं दूध तुटणार होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"थांबा आजी, आधी डॉक्टरांना दाखवू," सेविका भारतीताई म्हणाल्या.

डॉक्टरांनी नीट तपासलं. पोर ठणठणीत होती. त्यांनी आईबापाची उंची मोजून आणायला सांगितलं. ते काम भिंतीवरच्या पट्टीला मिळालं, याचा मला थोडा रागच आला. शलाकाचा बाप कैलास पाच फूट दोन इंच भरला, नूतन चार फूट नऊ. देऊचा बाप तर अंगणवाडीच्या दारातून वाकून आत येतो.

"जन्मताना बाळ केवढं, ते आईच्या पोटात कसं पोसलं त्यावर असतं," भारतीताईंनी समजावलं. "पुढं दीड-दोन वर्षांत ते हळूहळू आईबापाच्या वळणावर जातं. लहान जन्मलेलं, पण उंच आईबापाचं लेकरू झपाझप वाढतं. आपली शलाका मोठी जन्मली, म्हणून आता दमानं वाढतेय. दूध चालू ठेवा, वरचं खाणंही द्या आणि दर महिन्याला मोजायला आणा."

कौसाबाई पदर सावरून स्वतःच भिंतीला टेकून उभी राहिली. चार फूट सात!

"म्हंजे माज्यावर गेलीस गो तू?" ती नातीकडे बघून हसली, आणि पोरीला नूतनच्या मांडीवर देत म्हणाली, "पाज तिला. मी बसते हितंच."

मित्रांनो, मला कोरडं पुसून ठेवा. लाकूड वाकलं की माप खोटं होतं. मला हात नाहीत, म्हणून शब्दांनीच विनवते. बाळाला मोजाल तेव्हा शेजारच्या बाळाकडे नका बघू, माझ्यावर निजलेल्या बाळाच्या आईकडे बघा. ती आधीच भेदरलेली असते.