नाकारलेला संदेश

थोरली आणि धाकटी, दोघी जावा एकाच वीजकेंद्रात कामाला होत्या. नव्या केंद्राचा कारभार थोरलीलाच मिळणार, असं सगळे धरून चालले होते. पण हल्ली साहेबांच्या तोंडी एकच जप होता: धाकटी किती हुशार! बिघाड होताच वीज तोडायचा हुकूम देणाऱ्या त्या रिलेचं काम तिला शिकवलं कुणी, हे कोण विचारतो?

चाचणीच्या दिवशी सकाळी थोरलीच्या पडद्यावर लाल खूण दिसली. धाकटीने आपल्या रिलेच्या संदेशात एक नोंद वाढवली होती. थोरलीचा रिले संदेशाची जुनीच आवृत्ती ओळखत असल्यामुळे हा नवा संदेश नाकारत होता. आपल्या रिलेत नवी फाइल चढवली असती, तर काम झालं असतं. पण बदल करणाऱ्याने समोरच्याला सांगायचं, हा इथला रिवाज.

‘मी कशाला बोलू? पडू दे तोंडावर,’ म्हणत तिने चहा मागवला.

चाचणीत धाकटीच्या रिलेने ‘माझा ब्रेकर अडकला, तुझा उघड’ असा संदेश पाठवला. उघडून वीज तोडायची सोडून थोरलीचा ब्रेकर ढिम्म हलला नाही.

"हे काय?" साहेब थोरलीवर कडाडले.

"साहेब, ताईंना बोल लावू नका," धाकटी म्हणाली. "बदल मी केला आणि सांगायला विसरले."

साहेब हसले. "चूक अशी स्वतःहून कबूल करणारं माणूसच मला नव्या केंद्रावर हवं."

बाहेर पडताना धाकटी हळूच म्हणाली, "ताई, तुम्हीही चला ना तिकडे. तुमच्याशिवाय मला जमायचं नाही."

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. ही बया लबाड असती, तर निदान मनसोक्त राग तरी करता आला असता.