वरात अडवणारी ढबढबी

मित्रांनो, मी एक जुनी बेस गिटार आहे. मुक्काम वरठी, चंद्रकुमार बँडवाल्यांच्या घरी, धानाच्या कोठीवर. मला तारा चारच, पण एकेकीला बैल बांधावा अशी. माझा आवाज कानाला कमी आणि पोटाला जास्त ऐकू येतो.

जन्म कलकत्त्याच्या एका कारखान्यातला. नागपुरातल्या एका हॉटेलात माझ्या मालकांनी, म्हणजे चंद्रकुमारांनी, आणि मी वर्षानुवर्षं जॅझ आणि फंक वाजवलं. जॅझ म्हणजे ठरलेला रस्ता सोडून घरी पोचणं, आणि फंक म्हणजे घरी पोचायची घाईच नसणं. पुढे हॉटेलवाल्याने भिंतीवर मोठा टीव्ही लावला आणि आम्ही गावी परतलो. मालकांनी लग्नाचा बँड काढला. त्यांच्या पत्नी उर्वशीबाई मला सवत म्हणत आणि ओला टॉवेल माझ्याच मानेवर वाळत घालत.

पहिली वरात कोंढा गावातली. मी वाजू लागले आणि वरात चौकात जी थांबली, ती हलेचना. नवरदेव घोड्यावरून उतरून नाचला. मांडवात मुहूर्त टळला, मुठीतल्या अक्षता घामाने चिकटल्या. पुढच्या लग्नांतही हेच. आमचं नाव झालं, नको तसं. सुपारी द्यायला येणारा आधी सांगे, "बँड आना, पन ते ढबढबी घरी ठेवा."

मी कोठीवर गेले. मालक कॅसिओवाल्यापुढे नुसते हात हलवत उभे राहू लागले. घरी जेवताना दोनच घास खाऊन उठत. शेवटी सानगडीला धनीरामभाऊंच्या मुलीचं, हर्षाचं लग्न निघालं, तेव्हा ते म्हणाले, "येता येता साकोलीच्या दुकानदाराले देऊन टाकतो हिले."

उर्वशीबाईंनी माझ्या मानेवरचा टॉवेल काढून घेतला.

सानगडीत मी गाडीतच पडून होते. भुकेलेली वरात मांडवाकडे निघाली, तोच वधूपिता धनीरामभाऊ अनवाणी धावत आले.

"चंद्रकुमारभाऊ, वरात थांबवा गा. भात करपला. दुसरा आता चढवून राहिले."

"मंग तसं सांगा ना त्याईले."

"सांगतलं तर नाक जाते माया. तुमची ढबढबी कुठं हाय?"

"तुमीच म्हणले, घरी ठेवा."

"तुमी कोनाचं ऐकता काय? काढा."

मालकांनी मला गळ्यात घातलं. ठेल्यावरच्या स्पीकरला माझी वायर जोडली आणि जाड तार छेडली. वरात पाण्याच्या टाकीखाली थबकली. गुडघे दुखतात म्हणून मोटारीतून आलेले वरपिता खाली उतरून नाचले. भुकेचं कोणाला आठवेना. भात शिजला. वरातीला बोलवायला धनीरामभाऊ आले, ते तिथेच अडकले. त्यांना बोलवायला त्यांच्या निर्मलाबाई झारा घेऊन आल्या. जरा वेळ त्या कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या, आणि मग त्यांनी ठेल्यावरची माझी वायरच उपटली.

"माया बी पाय हालून राहिला," त्या म्हणाल्या. "मी नाचली तर पोरीचं लगन कोन लावन?"

परतताना साकोलीचं वळण आलं. ड्रायव्हरने विचारलं. मालक म्हणाले, "सरळ घे."

आता मुलीकडचे आधी माझीच चौकशी करतात. अट एकच, वायर नवरीच्या आईच्या हाती.

मित्रांनो, जुन्या वाद्यांना जपा. आमचा आवाज ऐकू येत नाही असं वाटलं, तर आपल्या पायांकडे बघा. उर्वशीबाई मला अजून सवतच म्हणतात. पण टॉवेल हल्ली कॅसिओवर वाळतो.