आणखी पंधरा प्रती

टेक्ससचा खालचा कोपरा उडाला आहे... म्हणजे फ्रिजवरच्या त्या लाल प्लास्टिकच्या टेक्ससचा, ज्याच्या पाठीला लोहचुंबक आहे आणि मध्यभागी चंदेरी तारा. रुपालीने चावला असणार; सहा वर्षांची झाली तरी हाताला लागेल ते दाताखाली जातंच. शरयू चहाचं पातेलं हातात धरून त्या तुटक्या कोपऱ्याकडे बघत राहिली. वरची कड सरळ, डावीकडची सरळ, पट्टी ठेवून ओढल्यासारखी — आणि खाली मात्र नदीच्या वळणांबरोबर वळत गेलेली. पट्टीने ओढलेली रेघ तिथे राहणाऱ्याने ओढलेली नसते, एवढं आता तिला कुठल्याही नकाशाकडे बघून कळायचं, कारण गेली चार वर्षं ती रेघांखेरीज दुसरं काही वाचतच नव्हती. चुंबकाखाली एक फोटो होता: विटांचं घर, दोन गाड्यांचं गराज, पुढे नुकतंच लावलेलं काडीसारखं झाड. अर्विंग, टेक्सस. आणि त्या फोटोखाली, फक्त एक पिवळी कड दिसेल अशी, तिची स्वतःची चिठ्ठी होती — गुरुवार, अकरा वाजता, गाईडची भेट. फोटो लावताना तिच्या नवऱ्याने, संजीवने, ती काढली नव्हती, फाडली नव्हती. नुसतं तिच्यावर घर ठेवलं होतं.

“मालिनी, आज संध्याकाळी त्या एजंटला फोन करून घराचं फायनल करून टाकतो हं,” संजीव बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाला.

त्या ‘हं’पुढे प्रश्नचिन्ह नव्हतं. तिने चहा गाळला, कप त्याच्यासमोर ठेवला, साखर घातली की नाही आठवेना म्हणून अर्धा चमचा आणखी घातली. त्याने घोट घेतला, गोड झालाय म्हणाला आणि गाडी काढून निघून गेला. वाईट माणूस नाही तो. हेच तर... वाईट असता तर गेल्या महिनाभरात कधीच भांडण होऊन मोकळं झालं असतं. तो विचारतो, म्हणजे सांगतो, आणि मग जरा थांबतो. आणि त्या थांबण्यात ती गॅस पुसते, डबा भरते, रुपालीचा मोजा शोधते. तेवढ्यात ठरून जातं.

तिचं नाव शरयू. मालिनी हे दहा वर्षांपूर्वी साताऱ्याच्या एका कार्यालयात, ताटात पसरलेल्या तांदळांवर अंगठीने लिहिलेलं. तोवर तिला ठाऊकच नव्हतं की आपलं नाव बदलणार आहे. अंगठी तांदळातून फिरली, अक्षरं उमटली, कुणीतरी पेढे वाटले आणि संजीवच्या आत्याने कौतुकाने विचारलं, आवडलं ना गं नाव? तिने खाली मान घातली. सगळे हसले. लाजली, म्हणाले... मी लाजले नव्हते. मी ती अक्षरं वाचत होते. माझ्याबद्दलच काहीतरी लिहिलेलं आणि मला परकं. पण वाचणाऱ्या मुलीची मान आणि लाजणाऱ्या मुलीची मान एकाच कोनात वाकते, त्याला कोण काय करणार.

रुपालीला शाळेच्या बसमध्ये बसवून ती युनिव्हर्सिटीकडे निघाली. पिस्कॅटवे गावचे रस्ते ऑक्टोबरात फार सुंदर दिसतात आणि या वर्षी, शहाऐंशी साली, तिला त्या सौंदर्याचा राग येत होता. सोडून जायच्या जागेने इतकं नटायचं कशाला.

थायलंड आणि कंबोडिया. गावातल्या मराठी मंडळातल्या लोकांना तिचा विषय कळला की ते आधी हसत, मग विचारत, अहो, पण आपलं काय त्यात? आपलं काहीच नाही त्यात, म्हणून तर तिला तो आवडला होता. डांगरेक नावाची डोंगररांग. एका बाजूने हळूहळू चढत जाणारं पठार आणि दुसऱ्या बाजूला एकदम तुटलेला कडा, खाली कंबोडियाचं मैदान. कड्याच्या अगदी टोकावर शंकराचं हजारएक वर्षं जुनं देऊळ. एकोणीसशे चार साली सयामचा, म्हणजे आजच्या थायलंडचा, राजा आणि कंबोडियावर राज्य करणारे फ्रेंच यांच्यात करार झाला: सीमा पाणलोटाच्या रेषेने जाईल. कौलारू घराच्या आढ्यावर पडलेलं पाणी जसं इकडचं इकडे आणि तिकडचं तिकडे वाहतं, तसं. भांडायला जागाच नाही, पावसानेच निवाडा करायचा. पण नकाशा काढायला सयामकडे माणसं नव्हती, म्हणून फ्रेंचांनाच सांगितलं, तुम्हीच काढा. फ्रेंच अधिकाऱ्यांनी काढला, पॅरिसला छापला, आणि त्यात रेघ त्या देवळापाशी हळूच उत्तरेकडे सरकली. देऊळ फ्रेंचांकडे गेलं. आठ साली नकाशा बँकॉकला पोहोचला. सयाम सरकारने काय केलं? आभार मानले. आणि आपल्या प्रांतांच्या सुभेदारांना वाटायला आणखी पंधरा प्रती मागवल्या.

इथे ती दर वेळी हसायची. चार वर्षांत शंभरदा वाचलं तरी हसू यायचंच. पुढे तीस साली सयामच्या एका राजपुत्राने त्या देवळाला भेट दिली, फ्रेंचांनी आपला झेंडा लावून त्याचं स्वागत केलं. त्यावरही तो काही बोलला नाही, उलट घरी जाऊन फोटो पाठवले. मग पस्तीसच्या सुमारास सयामने स्वतः मोजणी केली आणि लक्षात आलं की अरेच्चा, रेघ चुकली आहे! वरातीमागून घोडं. शेवटी बासष्ट साली हेगच्या न्यायालयाने देऊळ कंबोडियाला दिलं. रेघ बरोबर होती म्हणून नव्हे. इतकी वर्षं तुम्ही मूग गिळून बसलात, म्हणून.

आणि शरयूने आपल्या प्रबंधात ठासून लिहिलं होतं की न्यायालयाचं बरोबर आहे. ज्याने बोलायला हवं होतं आणि ज्याला बोलता येत होतं, तो गप्प बसला, तर त्याने मान्य केलं असंच धरायचं. नाहीतर जगातला कुठलाच करार टिकणार नाही. त्या प्रकरणाचा तिला अभिमान होता. त्यात दयामाया नव्हती.

...आणि मी खोकी मागितली.

गाडी लाल दिव्याला थांबलेली असताना हे तिच्या मनात आलं, आणि दिवा हिरवा झाला तरी ती तशीच थांबली. मागच्याने हॉर्न दिला. गेल्या शनिवारी शाळेच्या हॉलमध्ये मंडळाचा दसरा होता. संजीवने तिला न सांगताच सगळ्यांना सांगून टाकलं होतं: डिसेंबरात मूव्ह करतोय. पद्मिनीकाकूंनी, ज्यांच्या यजमानांचं किराणा दुकान आहे आणि ज्यांना पिस्कॅटवेतल्या प्रत्येक मराठी घरातलं दूध कधी उतू गेलं तेही ठाऊक असतं, तिचे दोन्ही हात धरले. काँग्रॅच्युलेशन्स गं, केवढं मोठं घर म्हणे, आणि तुझ्या त्या अभ्यासाचीही आता कटकट संपली. शरयू थँक्यू म्हणाली. एवढंच म्हणून थांबली असती तरी चाललं असतं. पण समोरच्याने एवढं प्रेम दाखवल्यावर काहीतरी बोलायला हवं, म्हणून ती म्हणाली, काकू, दुकानातली रिकामी खोकी द्याल का, पॅकिंगला? काकू केवढ्या खूश झाल्या. आणि पलीकडे श्रीखंडाची वाटी घेऊन उभ्या असलेल्या संजीवने ते ऐकलं. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला सुटका म्हणतात. महिनाभर त्यालाही धास्ती होती तर! त्यालाही ठाऊक होतं की हिने अजून हो म्हटलेलं नाही. ठाऊक होतं... आणि तरी विचारलं नाही. फ्रेंचांनाही ठाऊक असणार, रेघ कुठे सरकली ते.

तिला रागाने घाम आला. काच खाली केली.

गाईड साठीतल्या बाई होत्या, टेबलावर सफरचंद कापून खाणाऱ्या आणि सुरीनेच परिच्छेद दाखवणाऱ्या. प्रकरण छान झालंय, म्हणाल्या. मग सुरीचं टोक एका ओळीखाली ठेवलं. बोलायला हवं होतं, हे तू सिद्ध केलंस. बोलता येत होतं, हे कुठे सिद्ध केलंस? पंधरा वर्षं आधीच फ्रेंच गनबोटी बँकॉकच्या नदीत शिरून बसल्या होत्या, त्या बघितलेल्या माणसाने नकाशा परत करायचा होता का? की त्याने मागितल्या पंधरा प्रती हसत हसत, कारण त्या दिवशी त्याला तेवढंच शक्य होतं?

शरयू गप्प बसली. मग तिचं तिलाच ऐकू आलं की आपण गप्प बसलोय.

“दोन गोष्टी वेगळ्या आहेत,” ती म्हणाली. “घाबरून गप्प बसणं आणि सवयीने गप्प बसणं. आठ साली घाबरला असेल. तीस साली सवय झाली होती.”

बाईंनी सफरचंदाची फोड तिच्यापुढे केली. मग हेच लिही, म्हणाल्या, पण त्यासाठी इथले सगळे नकाशे पुन्हा काढून बसावं लागेल, वसंतापर्यंतचं काम आहे, तू इथेच आहेस ना?

आता खरं म्हणजे सांगायला हवं होतं. नाही, डिसेंबरात टेक्सस, नवऱ्याची नोकरी, टपालाने जमेल का बघू... ताकाला जाऊन भांडं लपवण्यात तिचा हात कुणी धरला नसता. खाली मान घालण्यासाठी मान हललीसुद्धा.

“हो,” ती म्हणाली. “मी इथेच आहे.”

ती जिना उतरू लागली. मी काय बोलले हे? खोटं? खोटं कसं; अजून कुठे काय ठरलंय. मला कुणी विचारलंय का? एका बाईने विचारलं, सफरचंद खाता खाता, आणि मी उत्तर दिलं. इतकं सोपं असतं होय.

पण नकाशांच्या खोलीत ती पुन्हा त्या कड्यापाशी जाऊन बसली तेव्हा तिने स्वतःला दटावलंच. शहाणे, फार मजेत तुलना करू नकोस. सात वर्षांपूर्वी याच कड्यावर थाई सैनिकांनी बसगाड्या भरभरून कंबोडियन निर्वासित आणले, आणि बंदुकीच्या धाकाने त्यांना खाली उतरवलं, सुरुंग पेरलेल्या रानात. बायका होत्या, पाठीवर मुलं होती. ती किंचाळली, विनवण्या केल्या; गप्प कुणीच बसलं नव्हतं. त्यांचं ऐकायला हेगला कुणी बसलेलं नव्हतं. तेव्हा बोललं की मिळतं, असा काही जगाचा नियम नाही... नाही. पण तुला कुणी कड्यावर नेलेलं नाही, बाई. तुझ्यापुढे एक चांगला माणूस आहे, गोड झालेला चहा आहे आणि एक ‘हं’ आहे. साताऱ्याच्या त्या कार्यालयात मी बावीस वर्षांची होते, चारशे माणसं बघत होती, वडिलांनी कर्ज काढलेलं होतं. तिथे बोलता येत नव्हतं. त्या मुलीला मी सोडून दिलं. तिच्यावर माझा दावा नाही. शनिवारी मात्र बोलता येत होतं.

घरी आली तर पोर्चवर खोकी. काकूंनी वचन पाळलं होतं. आंब्याच्या रसाच्या डब्यांची, पापडांची, गोडेतेलाची — एकात एक घालून, वर सुतळी बांधून, हिंगाच्या वासासकट. काकू घाईत असणार, बेल न वाजवता ठेवून गेल्या. शरयूने मोजली नाहीत. पंधरा असती तर तिला रडू आलं असतं आणि चौदा असती तर हसू. दोन्हीला आज वेळ नव्हता. तिने सगळी आत ओढली, पसरली आणि मधोमध जमिनीवरच बसली.

शाळेतून आलेल्या रुपालीला ती घरं वाटली. ती एका मोठ्या खोक्यात शिरून बसली आणि आतूनच बोलू लागली. तिला पिवळी खोली हवी होती. डॅडी म्हणाला आहे, मिळेल.

“आणि आईला काय हवंय, ते विचारलं का डॅडीने?” शरयूने सहज विचारावं तसं विचारलं.

“ही सेड यू आर ओके विथ इट,” खोक्यातून आवाज आला. मग जरा थांबून, “ही सेड यू डिडन्ट से नो.”

निकाल. सहा वर्षांच्या न्यायमूर्तींनी, आंब्याच्या खोक्यातून, एका वाक्यात.

शरयू खूप वेळ काही बोलली नाही, आणि हे गप्प बसणं सवयीचं नव्हतं, हे तिला लख्ख कळत होतं. मग ती उठली, फ्रिजपाशी गेली. घराचा फोटो तिने फाडला नाही. तिला त्या घराचा रागच नव्हता, बिचारं उभं होतं आपल्या काडीसारख्या झाडापाशी. पिवळी चिठ्ठी खालून काढून तिने फोटोच्या शेजारी ठेवली आणि टेक्सस सरकवून दोन्हींच्या मधोमध लावला, दोघांना धरेल असा. मग परत येऊन खोक्यांमध्ये बसली. अंधारत चाललं होतं. दिवा लावायला हवा होता, कणीक मळायला हवी होती.

बाहेर गाडी वळली, उजेड भिंतीवरून सरकत गेला. एरवी या वेळी ती वाक्यं घोळवायची — म्हणजे मला असं वाटत होतं, तुला चालणार असेल तर, रागावणार नसशील तर — सगळ्या कडा घासून गुळगुळीत केलेली वाक्यं, जी शेवटी घशातच विरघळायची. आज ती शोधत होती आणि सापडत नव्हती. एकच शब्द होता, ओबडधोबड, त्याला कुठूनच धरायला मूठ नव्हती. पुढे काय होईल? तो एकटा जाईल, थांबेल, आदळआपट करेल, रुपाली रडेल, मंडळात चर्चा होईल... होऊ दे. काकूंना खोकी परत करताना काय सांगायचं ते मात्र अवघड होतं. भीती होती, आणि ती जाईल म्हणून शरयू वाट बघत नव्हती. भीतीला शेजारी बसवूनही बोलता येतं. आजवर शरयू उगाच तिच्या उठून जाण्याची वाट बघत होती.

शनिवार ते गुरुवार. सयामपेक्षा बराच कमी उशीर.

“मॉम, आर यू मॅड?” खोक्यातून रुपालीने हळूच विचारलं.

“हो,” शरयू म्हणाली. आजचा हा दुसरा ‘हो’.

दारावर पावलं आली. ती उघडायला उठली नाही. किल्ली त्याच्याजवळ होती. कुलपात ती फिरल्याचा आवाज तिने ऐकला आणि तिच्या ध्यानात आलं की आपण मान वर केलेली आहे.