जर्सीची दोन भोकं

प्रियदर्शनीला शिवणकामाचं अंग अजिबात नव्हतं. माहेरी साताऱ्यात साधं बटण तुटलं तरी शर्ट शिंप्याकडे जायचा. पण नवरा, वीरधवल, सुट्टी संपवून दोन दिवसांत पलटणीत परत निघणार होता आणि त्याच्या ट्रंकेच्या तळाशी तिला त्याची हिरवी जर्सी सापडली. काखेखाली बोट जाईल एवढं भोक. मागे तिनं विचारलं होतं तेव्हा खिळ्याला अडकली म्हणून त्यानं विषय संपवला होता. आपल्या हातचे चार टाके त्याच्या अंगावर असावेत असं तिला वाटलं. तो वडूजच्या बाजारात गेला, तशी ती सुई-लोकर घेऊन बसली.

मोबाईलवर बघत तिनं भोकाखाली पालथी वाटी धरली, उभे धागे घातले. मग आडवा धागा, एकाच्या वरून, दुसऱ्याच्या खालून. तो तिनं असा ओढला की सगळं गोळा होऊन बसलं. उसवून पुन्हा घातलं. कडेची लोकर कडक झाली होती, जळल्यासारखी. सुई तिथं अडत होती. नीट दिसावं म्हणून तिनं वाटी काढून जर्सी उजेडाकडे धरली, तर पाठीकडूनही उजेड आला. मागेही भोक होतं, पुढच्याच्या अगदी समोर.

खिळा असा आरपार कसा जाईल?

सासरे आकाराम स्वतः फौजेतून निवृत्त झालेले. तिनं खिळ्याचं सांगून जर्सी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी दोन्ही भोकांच्या कडा अंगठ्यानं चाचपल्या.

"पोरी, खिळा न्हवं ह्यो," ते म्हणाले. "गोळी हाय."

चुलीवरचा चहा उतू जाताना प्रियदर्शनी नुसती बघत राहिली.

पिशवी घेऊन वीरधवल दारात आला आणि वडलांच्या मांडीवरची जर्सी बघून जागीच थांबला. मग भिंतीला टेकून त्यानं सांगितलं, की चकमकीत पाणी मागायला तो मागे वळला तेवढ्यात गोळी ढिल्या जर्सीतून गेली, अंगाला चाटलीही नाही. एवढं त्यानं सहज सांगितलं.

"मग पुढं कुठं गेली?" प्रियदर्शनीनं विचारलं.

वीरधवलनं पिशवी खाली ठेवली.

"मागं गुंडा हुता," तो म्हणाला.

माधवनगरचा गुंडा, पलटणीतला त्याचा जोडीदार. या दोघांच्या वरातीत घाम निथळेपर्यंत नाचलेला. गाडी उलटून त्याचा हात गेला, असंच वीरधवलनं घरात सांगितलं होतं.

"भेटलास का त्येला?" आकारामांनी विचारलं.

"न्हाई आबा. कुठल्या तोंडानं जाऊ?"

रात्रभर प्रियदर्शनीचा डोळा लागला नाही. सकाळी तिनं साडी बदलली आणि नवऱ्याला गुंडाकडे चला म्हणाली.

माधवनगरात दार गुंडानंच उघडलं, डाव्या हातानं. शर्टाची उजवी बाही कोपराशी दुमडून शिवली होती. टाके मोठे, वाकडेतिकडे. त्याच्या बायकोनं घातले असणार. प्रियदर्शनीची नजर तिथून हलेना. कालपासून ती फक्त आपलं कुंकू कसं वाचलं, एवढंच मनाशी घोळवत होती.

वीरधवल उंबऱ्याबाहेरच थांबला. गुंडानं त्याला निरखलं आणि दारातून बाजूला झाला.

"लय उशीर केलास गड्या," तो म्हणाला. "ये, आत ये."