वितळल्यानंतरची आठवण

मोहरीच्या दाण्याचा शंभरावा हिस्सा, एवढाच एक ठिपका. मायक्रोस्कोपच्या काळ्याभोर आकाशात तो उगवला, तेव्हा तीन वाजून सात मिनिटं झाली होती आणि काचपट्टीखालच्या हॉट स्टेजचा, म्हणजे तापवणाऱ्या चौथऱ्याचा, आकडा एकशे पस्तीस अंशांवर स्थिर होता.

बाहेर माघाचं पिवळसर, पातळ ऊन. शिरीषाच्या वाळक्या शेंगा वाऱ्यावर वाजत होत्या, थांबत होत्या, पुन्हा वाजत होत्या.

ठिपका वाढला. मध्यातून किरण फुटले. रुपेरी, रेशमी, सर्व दिशांना सारखे. चार काळ्या पाकळ्या, चार उजळ पाकळ्या. मग आजूबाजूला तशीच आणखी सहा फुलं. रेणूंचे लांबच लांब धागे, मघापर्यंत वितळलेल्या प्लास्टिकच्या द्रवात गुंतून पडलेले, आता घडी घालून एकमेकांशेजारी निजत होते. सगळे नव्हेत. काही घडीबाहेरच राहतात, सैल, स्वैर; म्हणून तर प्लास्टिक वाकतं, पण मोडत नाही.

वैजयंती आचरेकर हे तीस वर्षं पाहत आली होती. तरी श्वास दर वेळी अडायचा.

शेजारच्या स्टुलावर जनार्दन सामंत. प्रयोगशाळेतली यंत्रं लेकरांसारखी सांभाळणारा, शनिवारी निवृत्त होऊन वेंगुर्ल्याला, आपल्या घरी, एकटाच परतणारा.

नऊ वर्षांपूर्वी याच मायक्रोस्कोपपाशी त्याने विचारलं होतं, "लग्न कराल माझ्याशी?" आणि ती म्हणाली होती, "बाबा अंथरुणावर आहेत. थोडं थांबा." तो थांबला. बाबा गेले, त्यालाही चार वर्षं झाली. तो थांबलाच. पुन्हा विचारलं नाही. चहात आलं मात्र रोज तिच्या आवडीइतकंच किसलं.

झटकन गार केलं, तर ही फुलं धरत नाहीत. फार उबेत ठेवलं तरी धरत नाहीत. द्रव दिवसदिवस काळाच राहतो, निवांत, निष्फळ. हे वैजयंतीने कितीजणांना शिकवलं होतं. स्वतःला सांगायचं तेवढं राहून गेलं होतं.

"डॉक्टर, चुकलात," सामंत म्हणाला.

"कुठे?"

सामंतने कागद पुढे सरकवला. सकाळी याच काचपट्टीवर उमललेल्या फुलांच्या जागा त्याने पेन्सिलीने टिपल्या होत्या. "ही सातही त्याच जागी आलीत. दोनशे दहा अंशांवर दहा मिनिटं ठेवून आधीचं सगळं पुसायचं असतं. तुम्ही किती ठेवलंत?"

नोंदवहीत तिचंच सुबक अक्षर: एकशे बहात्तर, दोन मिनिटं.

"लक्ष कुठे होतं?" तो हसला. "नवीन पोरांना याच चुकीवरून रडवता तुम्ही!"

तिने पुन्हा डोळा लावला. दुपारी सारं काळं झालं होतं. वितळलं, असं तिने मानलं होतं. पण त्या काळोखात, त्या उष्ण अथांगात, सकाळच्या घड्यांच्या खुणा तग धरून होत्या. रूप गेलं होतं. जागा गेली नव्हती.

"पुसतो," म्हणून सामंतने बटणाकडे हात नेला. "पुन्हा करू."

तिने तो हात धरला. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

"नका पुसू."

फुलं वाढत राहिली. एकाची कड दुसऱ्याच्या कडेला भिडली, मध्ये एक बारीक रेष उमटली, आणि पुढे जायला कुणालाच जागा उरली नाही. काळं आकाश काठोकाठ रुपेरी झालं.

"सामंत, माझी रजा बरीच साठलीय."

"ठाऊक आहे. घेता कुठे तुम्ही?"

"शनिवारपासून घेते."

त्याने हात सोडवला नाही. बाहेर शिरीषाच्या शेंगा एकदा वाजल्या, थांबल्या. आकडा एकशे पस्तीसवर तसाच, स्थिर.

"हो," वैजयंती म्हणाली. "लग्न करू या."